आधी कुंडी येते

हॉटेल एकदम फूटपाथवर येत नाही. आधी कुंडी येते.

कुंडीला हरकत कोण घेणार? झाड आहे. झाडाविरुद्ध तक्रार करणारा माणूस आपल्याकडे लगेच पर्यावरणाचा वैरी ठरतो. त्यामुळे हॉटेलच्या दारापासून हातभर पुढे कुंड्यांची रांग निमूट उभी राहते. आठवड्याभरात ती आणखी हातभर सरकते. झाडं वाढतात म्हणतात, ती अशी.

मग कुंड्यांच्या आतली जागा रिकामी दिसू लागते आणि रिकामी जागा हॉटेलवाल्याला बघवत नाही. तिथे बाक येतो. वेटिंगवाल्यांसाठी, ज्येष्ठांची सोय म्हणून. बाकावर ऊन येतं म्हणून छत्री. छत्री वाऱ्याने उडते म्हणून तिला लोखंडी पाय, पायाला सिमेंट. पावसात छत्री पुरत नाही म्हणून ताडपत्री, ताडपत्री बरी दिसत नाही म्हणून पत्रा, पत्रा तापतो म्हणून खाली फॉल्स सीलिंग. पेव्हर ब्लॉकवर टेबल डुगडुगतं म्हणून लाकडी ओटा. ओट्यावरून गिऱ्हाइकाचं पोर पडेल म्हणून कठडा. रस्त्याची धूळ येते म्हणून काच. आणि काच लावली की उकडतं.

एसी लागतोच मग.

एसीचं बाहेरचं यंत्र कुठे बसवणार? फूटपाथ थोडा उरलाय ना, तिथे. चालणाऱ्याच्या पोटऱ्यांना बारा महिने गरम वारा. सेवा मोफत.

या सगळ्यात बांधकाम नेमकं कोणत्या दिवशी झालं, सांगा पाहू. तुम्हाला नाही सांगता येणार. महापालिकेलाही येत नाही. बांधकाम विभाग म्हणतो, हे कुठे बांधकाम आहे, तात्पुरतं आहे, अतिक्रमण विभागाकडे जा. अतिक्रमण विभाग म्हणतो, सिमेंट लागलंय, आता हे बांधकामवाल्यांचं. पथ विभाग म्हणतो, आम्ही पेव्हर बसवतो, त्याच्यावर कोण बसतं ते आमच्याकडे येत नाही. वर नावाची झगझगीत पाटी असेल तर आकाशचिन्ह विभागाचं दार ठोठावून पाहा. खाली काय चाललंय हे आकाश पाहणाऱ्यांनी का सांगावं?

अखेर शेजारची सोसायटी जागी होते.

कधी जागी होते, हे बघण्यासारखं आहे. कुंडी आली तेव्हा नाही. ओटा आला तेव्हा नाही. फूटपाथ गेला तेव्हा तर नाहीच, कारण सोसायटीतले निम्मे लोक गेटातून गाडीतच बाहेर पडतात. सोसायटी जागी होते ती व्हॅलेवाल्या पोराने गेटासमोर कुणाची तरी एसयूव्ही लावली त्या रात्री. लोकशाहीत जनजागृती पार्किंगपासून सुरू होते.

मग चेअरमन अर्ज लिहितात. मा. आयुक्त साहेबांना, प्रत मा. पोलीस निरीक्षकांना, प्रत मा. आमदारांना. विषय: सार्वजनिक पदपथावरील बेकायदा अतिक्रमणाबाबत. सह्या होतात. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो पडतात, त्याखाली अंगठे पडतात. आणि त्याच ग्रुपवर तासाभराने कुणीतरी विचारतं, तिथला बिर्याणीचा नंबर आहे का कुणाकडे?

अर्ज लिहिणाऱ्या सोसायटीच्या दाराशीही जरा नजर टाका. गाडी अलगद आत जावी म्हणून केलेला चकचकीत उतार फूटपाथ कापून थेट रस्त्यात उतरलेला. वॉचमनची केबिन कुंपणाबाहेर. शेजारी सिमेंट भरलेले दोन डबे आणि पाटी: ‘येथे गाडी लावल्यास हवा सोडली जाईल’. जागा महापालिकेची, पाटी आमची, हवा तुमची.

आणि रविवारी संध्याकाळी सहकुटुंब हॉटेलात शिरताना हेच सह्याजीराव वेटरला काय सांगतात?

“बाहेरच बसू. आत गोंगाट फार.”

तरीही सोसायटीचं म्हणणं खरं आहे. दुटप्पी माणसाची तक्रार खोटी असतेच असं नाही, तशी सवलत हॉटेलवाल्याला देऊ नये. इंडियन रोड्स काँग्रेस नावाची संस्था या देशात रस्त्यांचे नियम ठरवते. पादचाऱ्यांच्या सोयींबद्दल तिची एक मार्गदर्शिका आहे. तिच्या मते फूटपाथवर चालायला निदान १.८ मीटर सलग, मोकळी जागा हवी. का? तर समोरासमोर आलेल्या चाकाच्या दोन खुर्च्या एकमेकींना ओलांडून जाव्यात. बाजारपेठेत याहून जास्त. आता तुमच्या घराजवळच्या कोणत्याही ‘खाऊगल्ली’ झालेल्या रस्त्यावर टेप घेऊन जा. चाकाची खुर्ची सोडा, जरा जाडसर मनुष्य आडवा चालत गेला तर जाईल.

बाकीचे खाली उतरतात. खाली म्हणजे रस्त्यावर. तिथे बस आहे, रिक्षा आहे, दहा मिनिटांत पार्सल पोचवायला निघालेला पोरगा आहे. ते पार्सल बहुधा त्याच हॉटेलचं असतं.

२०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी. हे केंद्र सरकारचे आकडे आहेत, कुठल्या चिडक्या चेअरमनचे नाहीत. त्यातले किती जण फूटपाथ भरलेला होता म्हणून खाली उतरले होते, याचा रकाना अर्थातच त्या अहवालात नाही.

“पण कायदा कुठे आहे?” असं कुणी विचारलं की मला हसू येतं. कायदा इतका आहे की त्याचं काय करावं कळत नाही. पुण्याला लागू असलेल्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात कलम २३१ आहे. रस्त्यात बेकायदा उभारलेली, ठेवलेली वस्तू आयुक्त विनानोटीस हटवू शकतात. विनानोटीस! ज्या देशात नळ बंद करायलाही तीन पत्रं लागतात, तिथे आयुक्तांच्या हातात ही तलवार १९४९ पासून आहे. मुंबईच्या आयुक्तांकडे तर १८८८ च्या कायद्यातलं कलम ३१४ आहे, म्हणजे तलवार इंग्रजांच्या काळची.

तलवारीला धार आहे का, असं विचारू नका. भरपूर आहे. फक्त ती हातगाडीवर चालते.

१९८५ ची गोष्ट. मुंबईच्या फूटपाथवर झोपड्या टाकून राहणाऱ्यांना हटवायचं ठरलं, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ओल्गा टेलिस खटला म्हणून कायद्याची पोरं आजही पाठ करतात. निकाल देणारे सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड, मूळचे पुण्याचे. न्यायालयाने मोठ्या मनाने मान्य केलं की उपजीविका हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. आणि तितक्याच स्पष्टपणे सांगितलं की फूटपाथ चालणाऱ्यांसाठी असतात, खासगी वापरासाठी ते अडवायचा हक्क कुणालाही नाही. फक्त पावसाळा जाऊ द्या, ३१ ऑक्टोबरपर्यंत थांबा, मग हटवा.

म्हणजे ज्याला डोक्यावर छप्पर नव्हतं, त्याला सांगितलं: फूटपाथ चालण्यासाठी आहे, ऊठ. त्याला एक पावसाळा मिळाला. पावसाळी शेडच्या नावाखाली पत्रा ठोकणाऱ्या हॉटेलांचा पावसाळा अजून संपायचाय.

हातगाडीवाल्याची गंमत तर और आहे. त्याच्यासाठी २०१४ चा केंद्राचा खास कायदा आहे. त्याची पाहणी व्हायला हवी, त्याला प्रमाणपत्र मिळायला हवं, हलवायचं तर ३० दिवसांची नोटीस द्यायला हवी. माल उचललाच तर यादी द्यायची, नाशवंत माल मागितला त्या दिवशी परत करायचा. कागदावर या देशात सर्वांत सुरक्षित माणूस कोण असेल तर तो पेरूवाला. प्रत्यक्षात महापालिकेचा ट्रक चौकात वळला की तोच गाडी ढकलत पळतो.

ट्रक बघून काचेचं केबिन पळताना कुणी पाहिलंय?

ते पळत नाही. ते कोर्टात जातं. तिथून स्थगिती आणतं आणि ती फ्रेम करून गल्ल्यामागे लावायची तेवढी बाकी ठेवतं. क्वचित कधी कारवाई होतेच. जेसीबी येतो, वर्तमानपत्राचा फोटोग्राफर येतो, कठड्याचे दोन लोखंडी गज वाकवले जातात, ‘अतिक्रमणावर हातोडा’ अशी बातमी लागते. बातमी सकाळी छापून येते. गज संध्याकाळी सरळ होतात.

हॉटेलवाल्यांचंही ऐकू. भाडं परवडत नाही म्हणतात. पटतं. दुकान घेतलंय दहा टेबलांचं आणि मालक भाडं मागतो वीस टेबलांचं. मग उरलेली दहा कुठे मांडायची? पण हा सौदा हॉटेलवाला आणि जागामालक यांच्यात झाला होता. त्यातला फरक शेजारच्या आजींनी रस्त्यात उतरून का भरायचा?

काही जागामालक तर आणखी हुशार. इमारतीभोवतीची जी मोकळी जागा नकाशात सोडून दाखवली, तीच साइड मार्जिन, फ्रंट मार्जिन म्हणून भाड्याने देतात. आग लागली तर बंब आत यावा म्हणून ती सोडलेली असते. भट्टी लावायला नसते. मुंबईत कमला मिलमध्ये २९ डिसेंबर २०१७ ला, मध्यरात्र उलटताच, गच्चीवरच्या हॉटेलांत आग लागली, १४ जण गेले. वर बांबू-ताडपत्रीचा मांडव होता. त्यानंतर ताडपत्र्या उतरवायची मोहीम चालली. ताडपत्रीच ती. घडी घालून ठेवली होती.

दुसरा मुद्दा: आम्ही रोजगार देतो. तोही खरा. पेरूवालाही देतो, स्वतःला.

तिसरा मुद्दा ऐकताना आवाज जरा परदेशी होतो. “युरोपात बघा. पॅरिसमध्ये बघा. न्यूयॉर्कमध्ये बघा. लोक फूटपाथवर बसून कॉफी पितात, शहर कसं जिवंत वाटतं!”

बघूच या.

पॅरिसमध्ये उन्हाळ्यापुरत्या मांडलेल्या टेबलांना १ एप्रिल ते ३१ ऑक्टोबर एवढीच मुदत असते आणि रात्री दहाला ती आवरावी लागतात. आपल्याकडे रात्री दहाला वेटर पहिली ऑर्डर घेतो. न्यूयॉर्कमध्ये जून २०२० मध्ये, करोनात हॉटेलं मरू नयेत म्हणून, फूटपाथवर आणि पार्किंगच्या जागेत टेबलं मांडायची मुभा दिली. बारा हजारांवर हॉटेलांनी ती घेतली. बघता बघता पार्किंगच्या जागेत लाकडी खोपटी उभी राहिली, खोपट्यांखाली उंदीर नांदू लागले, रात्रभर कालवा आणि कचरा. रहिवासी उठले आणि शहराविरुद्ध कोर्टात गेले. हो, न्यूयॉर्कमध्येही सोसायट्यांचे चेअरमन असतात. फक्त ते टाय लावतात.

तिथे पुढे काय झालं, ते ‘न्यूयॉर्कमध्ये बघा’वाले सांगत नाहीत. २०२३ मध्ये कायदा झाला. रस्त्यावरची टेबलं १ एप्रिल ते २९ नोव्हेंबर, मग उचला, घरी न्या. फूटपाथवरची बारा महिने चालतील, पण अर्ज करा, नकाशा द्या, चौरस फुटाने पैसे भरा, चालायला ठरलेली वाट सोडा, तुमच्या वस्तीतल्या मंडळासमोर हा अर्ज जाईल, शेजाऱ्यांना काय म्हणायचंय ते ऐकून घ्या. एवढं सांगितल्यावर अर्ज आले तीन हजारांच्या आसपास. बाकीच्यांचं शहर जिवंत ठेवण्याचं वेड नियम पाहताच ओसरलं.

तेव्हा पॅरिसची खुर्ची आणायची तर आणा. सोबत तिथला रात्रीचा दहाचा ठोका पण आणा.

आता पुण्याकडे. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण मंजूर केलं. देशातल्या फार थोड्या शहरांनी एवढं केलंय. जंगली महाराज रस्त्याचे फूटपाथ रुंद केले, बसायला बाकं दिली, पोरांना खेळायला जागा दिली. खरंच छान केलं. काही चांगलं झालं की लगेच नाक मुरडायचं हा पुणेरी बाणा मी आज बाजूला ठेवतो. पण तिथून आतल्या कोणत्याही गल्लीत वळा. आत फूटपाथची जी रुंदी वाढते, ती टेबलांत मोजली जाते. चार खुर्च्यांचा फूटपाथ, सहा खुर्च्यांचा फूटपाथ.

शिवाय दरवर्षी ११ डिसेंबरला पादचारी दिन. २०२१ पासून लक्ष्मी रस्त्याचा काही भाग त्या दिवशी गाड्यांना बंद असतो. लोक रस्त्याच्या मधून चालतात, फोटो काढतात, अधिकारीही चालतात. १२ डिसेंबरला काय असतं? तो बाकीच्यांचा दिन. वर्षातले उरलेले सगळे.

कोर्टांनी तर आपल्या परीने सांगून झालं. जून २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने विचारलं की पंतप्रधान किंवा कुणी अतिमहत्त्वाची व्यक्ती येणार असली की रस्ते आणि फूटपाथ लगेच मोकळे होतात, मग रोज सगळ्यांसाठी का नाही? प्रश्न बेकायदा फेरीवाल्यांच्या प्रकरणात होता हे लक्षात घ्या. ट्रकने तो लगेच लक्षात घेतला. काचेच्या केबिनला वाटलं, आपल्याविषयी नाही.

मग १४ मे २०२५. सर्वोच्च न्यायालयात न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान. अडथळे नसलेला, अपंगांनाही वापरता येईल असा फूटपाथ हा घटनेच्या कलम २१ खाली, जगण्याच्या हक्कात येतो. सरकारने दोन महिन्यांत मार्गदर्शक तत्त्वं आणावीत. म्हणजे चालणं हा आता मूलभूत हक्क. हक्क मिळाला. जागा तेवढी मिळायचीय.

मधल्या काळात विचारायचं कुणाला? नगरसेवकाला? मार्च २०२२ मध्ये पुण्यातल्या नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे कित्येक वर्षं निवडणूकच झाली नाही. प्रशासक राज्य करत होते. प्रशासकाला मत मागायला गल्लीत यावं लागत नाही, त्यामुळे गल्लीतून चालावंही लागत नाही. अर्थात त्याआधी नगरसेवक होते तेव्हा फूटपाथ रिकामे होते, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. काही टपऱ्यांच्या आणि काही हॉटेलांच्या भिंतीवर कुणाचे हसरे फोटो असतात, हे वाचकांना ठाऊक आहेच.

हल्ली एक नवी टूम ऐकू येते. फूटपाथवरची टेबलं काढता येत नाहीत ना, मग त्यांना रीतसर परवानगीच देऊन टाकू. शुल्क घेऊ. महसूल मिळेल, वादही मिटेल. चोरी थांबत नाही म्हणून चोराला पावती द्यायची ही आपली जुनी रीत. गुंठेवारीत केलं, बेकायदा मजल्यांत केलं, आता कुंड्यांत करू.

ठीक आहे, करा. पण हिशेब नीट करा. हॉटेलच्या आतल्या जागेला मालक चौरस फुटाला जे भाडं घेतो, तेच बाहेरच्या चौरस फुटाला लावा. फूटपाथ जास्त रुंद तर दर जास्त, कोपऱ्यावरचा तर आणखी जास्त. पहिली कुंडी आली त्या महिन्यापासूनची थकबाकी काढा. अडीच वर्षांपूर्वीचे फोटो सोसायटीच्या ग्रुपवर आहेत, तारखेसकट. चेअरमन आनंदाने देतील. आणि आलेला पैसा महापालिकेच्या अथांग तिजोरीत नको. त्याच रस्त्यावर, त्याच फूटपाथवर खर्च करा. आजींना १.८ मीटर मिळतात का, ते त्यांच्याकडूनच मोजून घ्या.

हा प्रस्ताव कुणी एखाद्या हॉटेलवाल्यापुढे मांडून पाहावा. इतकी वर्षं त्याला न सुचलेला मुद्दा त्याला तिथल्या तिथे सुचेल.

“असं कसं साहेब? फूटपाथ तर पब्लिकचा आहे. त्याचं भाडं कसं काय मागता?”